बांधावरची भाजी



नीरेच्या काठी वसलेल्या बारामती तालुक्यातील सांगवी गावाला आज हिरवाईची वाण नाही. १८८० च्या दशकात झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या पर्जन्यछायेतील मुलुखाचे रूप पालटले. जिरायत ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला आणि बाजारातील कोबी, मेथी, फ्लॉवर बारमाही घरात येऊ लागले. या सुबत्तेत एक गोष्ट मात्र नकळत मागे पडली. ती म्हणजे बांधावरची व परसातली, कोणीही न पेरलेली भाजी.

पहिल्या पावसानंतर पंधरवडाभरात तांदुळजा, घोळ, कुंजीर, केना, पाथरी, टाकळा ही सारी मंडळी न बोलावता हजर होतात. खुरपणीला गेलेल्या बाया संध्याकाळी परतताना ओटीत हीच भाजी घेऊन येत. शेत स्वच्छ होई आणि कालवणाचीही सोय होई. पाथरीला तर चूलही लागत नाही. कोवळी पाने धुऊन, तेल-मीठ लावून ती भाकरीबरोबर खातात. आंबूस चवीची घोळ डाळीत शिजते, तांदुळज्याला लसणाची फोडणी पुरते आणि हिवाळ्यात गव्हात उगवणाऱ्या चाकवताची ताकातील पातळ भाजी ज्याने चाखली तो ती विसरत नाही. कृषिशास्त्राच्या पुस्तकांत ही बहुतेक नावे ‘तण’ या सदराखाली आढळतात, हा भाग निराळा!

बैलाच्या श्रमाचे न खाण्याचा ऋषिपंचमीचा नेम पाळणाऱ्या घरांत या पाल्याला आजही मान आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला त्याची वेगळी ओळख सांगावी लागत नाही. अडचण पुढच्या पिढीची आहे.

आहाराच्या दृष्टीने पाहता लोह, कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा मूळ घटक या पाल्यांत भरपूर आहे. ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल घोळीत मिळते. मात्र घोळ व माठवर्गीय भाज्यांत ऑक्झॅलिक आम्लही असते. म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्या बेताने खाव्यात. पाला उकळून ते पाणी टाकून दिल्यास हे आम्ल कमी होते. टाकळा फुलावर येण्यापूर्वीच, कोवळा असताना खुडावा.

औषधांच्या बाबतीत अधिक विवेक हवा. ऊसतोडीत कोयता लागला की एकदांडीचा पाला चोळून जखमेवर बांधण्याची रीत जुनी आहे. परंतु त्याने धनुर्वाताची लस चुकत नाही. अडुळशातील वासिसिन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्झिन हे खोकल्यावरील आधुनिक औषध तयार झाले. तरीही गरोदर स्त्रियांना अडुळसा देऊ नये. गुळवेलीचे उदाहरण तर ताजे आहे. करोनाच्या काळात घरोघरी तिचे काढे झाले आणि २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, ‘झाडपाला आहे, अपाय कसा होईल?’ हा प्रश्न धोतऱ्याच्या देशात कोणी विचारू नये. पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीसारखे दिसते. त्याच्या तेलाची भेसळ झाल्याने १९९८ मध्ये दिल्लीत अनेकांचे प्राण गेले.

याहून मोठे संकट आता फवारणीच्या पंपातून येते. उसात टू-फोर-डी, अॅट्राझिन यांसारखी तणनाशके सर्रास वापरली जातात. मजुरांची टंचाई पाहता शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण फवारलेल्या सरीतील किंवा तिला लागून असलेल्या बांधावरील भाजी खुडणे धोक्याचे आहे आणि फवारले कधी हे खुडणाऱ्या मजूर बाईला कोणी सांगत नाही. सांडपाण्याच्या ओढ्याकाठची भाजीही टाळावी. उरलेली पडीक जागा १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेल्या गाजरगवताने व्यापली आहे.

तेव्हा सुरक्षित जागा उरते ती परसाची आणि शाळेच्या आवाराची. शालेय परसबागेत पालक-मेथीबरोबर एक वाफा घोळ, तांदुळजा, पाथरी यांसाठी राखण्यास खर्च जवळजवळ नाही. बी विकत आणावे लागत नाही. फक्त तो वाफा स्वच्छ करण्याचा उत्साह आवरावा लागतो!

पंचायत सदस्यांच्या हाती आणखी एक साधन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. अनेक ठिकाणी ती घाईने भरली गेली आणि कपाटात गेली. ती बाहेर काढून गावातील वृद्ध स्त्रियांसमोर वाचावी. एकाच वनस्पतीला एका आळीत एकदांडी, दुसरीत दगडी पाला म्हणतात. दोन्ही नावे लिहावीत. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कसा शिजवून खातात, कोणी खाऊ नये आणि कोणत्या विषारी झाडाशी गल्लत होते, हेही टिपावे. शिक्षकांनी मुलांकडून त्या वनस्पतींचे नमुने वाळवून कागदावर चिकटवून घ्यावेत आणि गावची नावे पडताळण्यासाठी ते बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रास दाखवावेत. हे काम पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातच करावे लागेल. भाद्रपद उजाडेपर्यंत यातील बराचसा पाला जून होऊन गेलेला असतो.