कुत्र्यांची ॲलर्जी आणि हिस्टामिनरोधक औषधे

(गोव्यातील श्वानपालकांसमोर एका पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दवाखान्यात येणाऱ्या श्वानपालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘डॉक्टर, कुत्रा सारखा खाजवतो, आम्ही घेतो तीच ॲलर्जीची गोळी त्याला दिली तर चालेल का?’ याचे उत्तर नुसत्या होकाराने वा नकाराने देता येत नाही, म्हणून आज याच विषयावर बोलावयाचे योजिले आहे.

ॲलर्जी म्हणजे एरवी निरुपद्रवी असणाऱ्या पदार्थाचे शरीराला वावडे असणे. तो पदार्थ शरीरात शिरला की काही पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते, ते आपल्या ठराविक जागी जाऊन चिकटते आणि मग त्वचा लाल होते, सूज येते, खाज सुटते. हिस्टामिनरोधक औषध त्या जागा आधीच अडवून बसते. अशा पहिल्या औषधाचा शोध १९३७ साली पॅरिस येथे लागला. त्या कार्यात अग्रभागी असलेले दानिएल बोव्हे यांना पुढे १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हिस्टामिन एकदा जागेवर जाऊन बसल्यावर दिलेली गोळी फारसे काही करू शकत नाही. शिवाय कुत्र्याच्या खाजेत हिस्टामिन हा एकटाच अपराधी नसतो. त्यामुळे माणसाला जो आराम पडतो तितका कुत्र्याला पडेलच असे नाही; काहींना थोडा गुण येतो, पुष्कळांना मुळीच येत नाही. ज्याला येतो त्यालाही औषध नियमितपणे द्यावे लागते. खाज अनावर झाल्यावर अधूनमधून एक गोळी चारणे हा मालकाच्या मनाचा दिलासा होय, कुत्र्यावरील उपचार नव्हे.

म्हणून गोळीकडे वळण्यापूर्वी कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी केस बाजूला सारून पाहावे. आपल्याकडील दमट हवेत पिसवांना बारा महिने सुगी असते, आणि पिसवेच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्याला दोनचार चावेही पुरतात. विंचरून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावी. ती तांबूस पसरली तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजेच कुत्र्याचे पचलेले रक्त समजावे. अशा कुत्र्याच्या पिसवांचा बंदोबस्त न करता गोळ्या देत राहणे व्यर्थ आहे. खरूज, बुरशी आणि अन्नाचे वावडे यांचीही तीच गोष्ट.

आता मुख्य धोक्याकडे येतो. तो बहुधा हिस्टामिनरोधक द्रव्यात नसतो, त्याच्या सोबत्यांत असतो. आपल्या बाजारात क्लोरफेनिरामिन हे जुने औषध सर्दीच्या गोळीत सर्रास सापडते. अशा एका गोळीत सामान्यतः क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम आणि नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन ५ वा १० मिलिग्रॅम असते. पाच किलो वजनाच्या स्पिट्झला ती दिली असे समजू. क्लोरफेनिरामिन किलोमागे ०.४ मिलिग्रॅम पडले, म्हणजे अगदी योग्य मात्रेत. परंतु पॅरासिटामॉल किलोमागे १०० मिलिग्रॅम पडले, आणि एवढ्याने कुत्र्याच्या यकृतास इजा होऊ शकते. मांजराला तर याहून कितीतरी कमी मात्रा जीवघेणी ठरते. सेटिरिझिनचेही असेच. परदेशी मिळणाऱ्या एका प्रकारच्या गोळीत सेटिरिझिन ५ आणि स्यूडोएफेड्रिन १२० मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या कुत्र्याला तेवढी एक गोळी प्राणघातक होऊ शकते.

परदेशाचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्याकडे अनेक घरांतील माणसे आखातात वा इंग्लंडात आहेत आणि सुटीवर येताना औषधे घेऊन येतात. येथे ‘बेनाड्रिल’ म्हटले की खोकल्याचे डायफेनहायड्रामिनयुक्त पातळ औषध डोळ्यांपुढे येते, तर ब्रिटनमध्ये त्याच नावाच्या गोळ्यांत सेटिरिझिन किंवा ॲक्रिव्हास्टिन असते. तेव्हा नावावर जाऊ नये, पट्टीवरील बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. एकच घटक असेल तरच पुढे विचार करावा. पातळ औषध शक्यतो टाळावे. त्यांपैकी काहींत मद्यार्क असतो आणि ‘साखरविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींत झायलिटॉल असते, ज्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते.

मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नव्हे. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे व त्यातून आपले वजन वजा करावे. नेहमीच्या वापरात सेटिरिझिन किलोमागे १ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, तर डायफेनहायड्रामिन किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम दिवसातून दोन वा तीन वेळा देतात. हे आकडे आपल्या पशुवैद्याशी बोलताना समजावेत म्हणून सांगितले. त्यांना न विचारता वापरण्यासाठी नव्हेत. कारण काचबिंदू, फिट्स, हृदयविकार, लघवी तुंबण्याची तक्रार असलेल्या कुत्र्यांत, तसेच गाभण कुत्रीत हा निर्णय निराळा होतो. गोचिडांसाठी अमिट्राझचे द्रावण लावले असेल किंवा तसा पट्टा गळ्यात असेल, तर तेही अवश्य सांगावे. ॲलर्जीची त्वचाचाचणी ठरली असेल तर त्यापूर्वी ही औषधे बंद ठेवावी लागतात, नाहीतर चाचणीचा निष्कर्ष फसवा येतो.

पहिल्या मात्रेनंतर कुत्रा सुस्तावला तर घाबरू नये. उलट तो अस्वस्थ होऊन येरझारा घालू लागला, थरथरू लागला, अंग तापले किंवा छाती जोराने धडधडू लागली तर मात्रा अधिक झाल्याची शंका घ्यावी.

एका प्रसंगी मात्र गोळी शोधण्यात वेळ दवडू नये. मधमाशी वा गांधीलमाशी चावल्यावर नुसते तोंड सुजले तर दवाखान्यात येईपर्यंत बहुधा वेळ असतो. परंतु कुत्र्याला एकाएकी उलट्या-जुलाब झाले, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तो कोलमडला, तर ती प्राणांतिक प्रतिक्रिया होय. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन आणि सलाईन लागते. हिस्टामिनरोधकाच्या भरवशावर राहता येत नाही.

चुकीची गोळी पोटात गेलीच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा घरगुती प्रयोग करू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून दुसरेच संकट ओढवते. गोळ्यांची रिकामी पट्टी, गेलेल्या गोळ्यांची संख्या आणि वेळ एवढे घेऊन कुत्र्यासह तडक दवाखाना गाठावा. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये, कारण यकृताची इजा दिसू लागेपर्यंत पुष्कळदा एक-दोन दिवस उलटून गेलेले असतात.