शाई सुकताना



टेबलावर चहाचा एखादा थेंब सांडतो. पुसायचा आपण कंटाळा करतो. तासाभराने पाहावं तर मध्ये फिकट डाग आणि त्याच्या कडेने गडद तपकिरी रेघ, कुणी पेन्सिलीने आखून ठेवावी तशी. ओला असताना सगळा थेंब एकाच रंगाचा होता. मग सुकता सुकता रंग मधून उठून काठावर का जाऊन बसला?

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीतच संपला. तरी हा प्रश्न माझ्या मनात चाळीस वर्षं राहिला, आणि तो चहामुळे नाही, शाईमुळे राहिला.

माझे अब्बा सोलापुरात अक्षरं लिहिण्याचं काम करत. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिकांची शीर्षकं, शाळांची प्रशस्तिपत्रकं. मराठी आणि उर्दू, दोन्ही लिपींत त्यांचा हात सारखाच चाले. बाजारात तयार शाई मिळत असतानाही कागदावरच्या कामासाठी ते घरीच शाई करत. तेलाच्या दिव्यावर वाटी उपडी धरून काजळी जमवायची, बाभळीचा डिंक पाण्यात भिजवायचा आणि दोन्ही खलात घालून तासन् तास घोटायचं. घोटायचं काम माझ्याकडे असे. हात दुखून येत. ‘झालं का?’ विचारलं की अब्बा म्हणत, ‘अभी नहीं.’

१९८४ सालच्या एप्रिलमध्ये एका शाळेचं काम आलं होतं. १ मेच्या बक्षीस समारंभासाठी साठेक प्रशस्तिपत्रकं. गुळगुळीत जाड कार्डं, त्यावर जाड टाकाने ठळक नावं. अब्बांनी ती दुपारी लिहून संपवली, खोलीत ओळीने मांडली आणि नमाजला गेले. मला क्रिकेटला जायचं होतं आणि कार्डं सुकल्याशिवाय गठ्ठा बांधता येत नव्हता. मी सगळी कार्डं उचलून गच्चीवर उन्हात ठेवली. सोलापूरचं एप्रिलचं ऊन! पंधरा मिनिटांत शाई सुकली. सुकली आणि तडकली. अक्षरांच्या जाड भागांना बारीक भेगा पडल्या, काही ठिकाणी शाईच्या खपल्या बोटाला लागून सुटून आल्या.

अब्बा आले, त्यांनी एक कार्ड उचललं, उजेडात तिरकं धरून पाहिलं. मला वाटलं, आता थप्पड बसणार. ते काहीच बोलले नाहीत. ईदच्या कपड्यांसाठी अम्मीने बाजूला ठेवलेले पैसे घेतले, जाऊन नवी कार्डं आणली आणि रात्रभर बसून सगळी नावं पुन्हा लिहिली. त्या उकाड्यात पंखासुद्धा लावला नाही. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, ‘अपने आप सूखने दो. अपने आप बैठता है.’

आपोआप बसतं म्हणजे काय, हे मला अलीकडे कळलं. माझी मुलगी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिने मला समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

चहाच्या डागाचं नीट उत्तर मिळालं १९९७ साली. शिकागो विद्यापीठातले रॉबर्ट डीगन, सिडनी नेगल, थॉमस विटन आणि त्यांचे सहकारी यांनी कॉफीच्या डागावर शोधनिबंध लिहिला, तो ‘नेचर’मध्ये छापून आला. थेंब सुकताना आत आत आकसत जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. त्याचा काठ खालच्या पृष्ठभागाला धरून बसतो. काठाशी पाणी सर्वांत पातळ, आणि वाफ होऊन उडतंही तिथूनच सर्वांत वेगाने. काठ जागा सोडत नाही, तेव्हा उडालेलं पाणी भरून काढायला मधलं पाणी काठाकडे वाहू लागतं. वाहताना कणांना सोबत नेतं. पाणी उडून जातं, कण मागे राहतात.

आता हे कण फारच बारीक आणि सारख्या आकाराचे असतील, तर आणखी एक गंमत होते. काजळीचा एक कण काही दहा नॅनोमीटरांचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. वाटीभर पाण्यात चार चुरमुरे टाकून पाहा. थोड्या वेळात ते सरकत सरकत एकमेकांना चिकटतात. पाण्याचा पृष्ठभाग त्यांच्याभोवती वाकतो आणि त्यांना जवळ आणतो. सुकत्या थेंबात पाण्याचा थर कणांच्या उंचीइतका पातळ झाला की हीच ओढ त्या इवल्या कणांनाही जवळ आणते. गोल, सारखे कण मग पेटीत रचलेल्या संत्र्यांसारखे ओळीने बसतात. कुणी हाताने रचत नाही. शास्त्रज्ञ याला स्वयंरचना म्हणतात.

ओपल नावाचं रत्न आपण पाहिलं असेल. त्यात हिरवा, तांबडा, निळा रंग खेळतो, पण त्या खेळात रंगद्रव्य नसतं. १९६४ साली ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की आत सिलिकाचे सारखे गोळे थरावर थर शिस्तीत बसलेले आहेत. रंग त्या शिस्तीतून येतो. १९९९ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात असे थर घडवले गेले. सिलिकाचे गोळे अल्कोहोलमध्ये मिसळायचे, त्यात काचपट्टी उभी ठेवायची आणि अल्कोहोल सावकाश उडू द्यायचं. पातळी खाली जाते तसे काचेवर गोळे रांगेने बसत जातात. आता सुकण्यातूनच छोटी विद्युतमंडलं आणि पडदे छापण्याचे प्रयत्न चालतात, आणि तिथे मात्र चहासारखी कडा नको असते. २०११ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिसलं, की कण गोल नसून लांबट असतील तर ते पाण्याच्या पृष्ठभागावरच जाळं धरतात आणि डाग सगळीकडे सारखा सुकतो.

पण मी ज्यासाठी हे बोलतो आहे ती गोष्ट पुढेच आहे. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात आल्वारो मारीन आणि सहकाऱ्यांनी सुकलेल्या थेंबाची कडा बारकाईने पाहिली. बाहेरच्या ओळींतले कण शिस्तीत होते, आतल्या ओळींतले अस्ताव्यस्त. कारण सुरुवातीला प्रवाह मंद असतो. कण येतो, थोडा हलतो, नीट जागा शोधतो. थेंब संपत आला की प्रवाह एकदम वेग घेतो आणि उरलेले कण धावत येऊन मिळेल तिथे आदळतात. मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्या स्टेशनवर चढणारे नीट बसतात, मधल्या स्टेशनवरचे दारात लटकतात, तसंच हे.

म्हणजे ‘आपोआप’ हा शब्द आपण समजतो तितका सोपा नाही. कणाला चुकीच्या जागेवरून उठून बरोबर जागी जायला वेळ हवा असतो. तो वेळ देणं एवढंच माणसाच्या हाती.

उन्हातली शाई का तडकली, तेही मुलीने सांगितलं. पाणी गेलं की थर आकसू पाहतो, पण खालचं कार्ड त्याला धरून ठेवतं. थर जाड असेल आणि पाणी झपाट्याने गेलं, तर ताण सोसत नाही, भेग पडते. आमच्याकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याचं कारणही हेच.

अब्बा २००९ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत बोरू आणि टाकांच्या खाली मला त्या साठांतलं एक कार्ड सापडलं. नाव अर्धवट उडालेलं, भेगा तशाच. माझी चूक त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली, असं वाटून मी खाली बसलो. मग कार्ड उलटून पाहिलं. मागे पेन्सिलीने, मराठीत, दोन ओळी होत्या : ‘डिंकाचं प्रमाण चुकलं. पुढच्या वेळी शाई पातळ ठेवणे.’

उन्हाचं नाव नाही. माझंही नाव नाही.

मुलीला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, ‘पप्पा, दादांचं तसं चूक नाही. थर पातळ असता तर एवढा तडकला नसता.’ असेलही. पण साठ कार्डं उन्हात कुणी नेली, हे अब्बांना माहीत होतं.

आता माझी कविता पूर्ण झाली की मी ती लगेच संपादकांकडे पाठवत नाही. काही दिवस वहीत तशीच राहू देतो. एखादा शब्द आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊ पाहतो, त्याला जाऊ देतो. तेवढे दिवस पंखा लावत नाही, असं म्हणा हवं तर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)