संगणकाची छाटलेली प्रणाली

भूम तालुक्यांतील श्रोत्यांस खवा कसा होतो हें सांगावयास नको. दुधांतील पाणी आटलें कीं सत्त्व उरतें. त्यांत कोणी पिठाची भेसळ केली, तर आयोडीनचा एक थेंब टाकतांच खवा निळा पडतो व लबाडी उघडी होते. संगणकाची एक जुनी प्रणालीहि लोकांनीं अशीच आटविली. परंतु तिची परीक्षा इतकी सोपी नाहीं.

प्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. तिच्यावांचून यंत्र हलत नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ सालच्या ऑक्टोबरांत विक्रीस आणली. तिला निदान ६४ मेगाबाइट स्मृति लागे. पुढें पुरवण्या चढत गेल्या, ती जड झाली आणि जुनीं यंत्रें थकूं लागलीं. तेव्हां परदेशांतील हौशी जाणकारांनीं एनलाइटसारखीं साधनें काढलीं. त्यांच्या साहाय्यानें नको ते भाग वगळून हलकी तबकडी तयार करतां येई. मनुष्य हें स्वतः करी तोंवर काय वगळलें हें त्यास ठाऊक असे. मागाहून टायनीएक्सपीसारख्या आयत्या प्रती पसरल्या. त्यांतून काय काढलें व त्यांत काय घातलें, हें एकट्या करणारासच माहीत!

यांत मराठीची हानि विशेष झाली. एक्सपीमध्यें देवनागरीची सोय होती. पण ती आपोआप सुरू नसे, मूळ तबकडीवरून चढवावी लागे. छाटणारास मराठीची गरज नव्हती. त्यानें तो भाग निरुपयोगी म्हणून वगळला, कीं मराठी मजकुराच्या जागीं रिकामे चौकोन दिसत. इंग्रजी सुरळीत चाले, म्हणून हा दोष प्रथम ध्यानांतहि येत नसे. निरुपयोगी काय, हें परक्यानें ठरविलें म्हणजे असें होतें.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. ८ एप्रिल २०१४ रोजीं कंपनीनें एक्सपीची देखभाल थांबविली. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर किड्यानें जगभर संगणकांतील कागदपत्रें कुलूपबंद केलीं, तेव्हां अपवाद म्हणून तिनें एक्सपीसहि दुरुस्ती दिली. परंतु मूळ प्रणालीसाठीं केलेलें ठिगळ छाटलेल्या प्रतीवर नीट बसेल, याची हमी कोण देणार? शिवाय चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणें हा १९५७ च्या प्रताधिकार कायद्यान्वयें गुन्हा आहे.

तथापि जुनें यंत्र भंगारांत टाकावें, असा याचा अर्थ नव्हे. भूमसारख्या गांवीं विद्यार्थ्यास किंवा दुकानदारास तें अजून उपयोगी पडूं शकतें. ज्यांत फेरफार करण्यास मूळ कर्त्यांचीच परवानगी आहे, अशा डेबियनसारख्या मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात. त्यावरूनच सी-डॅक या सरकारी संस्थेनें बॉस नांवाची प्रणाली सिद्ध केली असून तींत मराठीची सोय आहे. तेथें कोणी काय बदललें हें जाणत्यास उघड वाचतां येतें. जुना संगणक घेणारानें मात्र विकणारास तीन प्रश्न अवश्य विचारावे : प्रणाली कोठून आणली, तींतून काय काढलें, आणि तींत मराठी लिहितां येते काय? उत्तरें न मिळाल्यास त्या यंत्रावर आपला हिशेब किंवा दाखले ठेवूं नयेत.