चढणीच्या माशांना वाट द्या

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस आपल्या आठवणीत आहेत. मांजरा धरण आटलं होतं. पाण्याबरोबर भोई बांधवांच्या जाळ्यातली मासळीही गेली.

धरण पुन्हा भरलं की मासे आपोआप येतात, असा आपला समज असतो. पण रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाचं चढतं, गढूळ, वाहतं पाणी लागतं. काठचं गवत बुडालं की मादी उथळाकडे येते. अंडी दिवसाभरात फुटतात, पण नंतर पावसानं दडी मारली तर काठ उघडे पडतात आणि पिल्लं तिथंच अडकून मरतात. मरळीचं निराळं! ती हवेतूनही श्वास घेते, पिल्लांची राखण करते. म्हणून आटत्या डोहातही तगते.

१९५७ च्या जुलैमध्ये शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहू-मृगळसारख्या माशांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. मात्र धरणात पुरेसं पाणी साठल्यावरच ते सोडावं, आणि तेही बोटभर वाढलेली बोटुकली. मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली इवली पिल्लं, सोडली तर त्यातली बहुतेक मोठ्या माशांच्या पोटात जातात.

आणि नांदेड-लातूरकरांना एक कळकळीची विनंती. पहिल्या पुरात ओढ्याला चढणीचे मासे येतात, ते अंड्यांनी भरलेले असतात. तेवढे दिवस ओढ्यात जाळं आडवं लावू नका.