खाली सही कोणाची?



बंगळूरच्या हेब्बाळातील या मराठी अधिवेशनात अध्यक्षाने प्रथेप्रमाणे साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, दिवंगत ग्रंथकारांना श्रद्धांजली वाहावी आणि परप्रांतात मराठी टिकविण्याच्या उपायांची उजळणी करून खाली बसावे, अशी अपेक्षा काहींनी माझ्या कानावर घातली आहे. परंतु हे व्यासपीठ मला पुन्हा लाभणार नाही हे जसे मला ठाऊक आहे, तसेच ज्यांनी माझ्या निवडीविरुद्ध अखेरच्या दिवसापर्यंत घरोघर निरोप धाडले त्यांनाही ते ठाऊक आहे, आणि म्हणूनच जे बोलू नये असे त्यांना वाटते तेच आज मी बोलणार आहे. माझा विषय संकटकाळातील बातमी हा आहे. त्या बातमीखाली, किंवा ती दाबणाऱ्या हुकमाखाली, सही कोणाची असते, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेचे प्रकरण येथे बसलेल्या प्रत्येकास माहीत आहे, म्हणून त्याची कैफियत मी थोडक्यातच मांडतो. आणीबाणीतील बंगळूरच्या तुरुंगावर मी लेख दिला होता. त्याची जुळणी झाली, मुद्रिते माझ्या हातून तपासून गेली, आणि अंक हाती आला तेव्हा त्या पानांवर एका गृहप्रकल्पाची जाहिरात होती. विचारणा केली असता ‘संपादक मंडळाचा निर्णय’ एवढेच उत्तर मिळाले. मंडळातील कोणाचा? मंडळाचा. लेखी मिळेल काय? तशी पद्धत नाही. त्या वर्षी मंडळावर माझे दोन स्नेही होते, त्यांचा नाइलाज होता आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण ज्यांनी लेख काढला आणि आजतागायत आपले नाव सांगण्याचे धैर्य दाखविले नाही, त्यांना मी विचारतो, की गृहस्थहो, दिल्लीतल्या सत्ताधीशांनी जे मोठ्या प्रमाणावर केले, त्याहून निराळे तुम्ही काय केलेत?

कारण त्या लेखात होते ते हेच. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली ती तोंडी हुकमावरून, हे पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर उघड झाले. दुसऱ्या दिवशी येथे, आपल्या या शहरात, संसदीय समितीच्या कामासाठी आलेले राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह पकडले गेले, आणि आज जेथे फ्रीडम पार्क आहे त्या मध्यवर्ती कारागृहात कोकणचा प्रतिनिधी असलेला हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक दीड वर्ष बंदिवान राहिला. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई तिकडे येरवड्याच्या तुरुंगात होत्या. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी बंगळूरच्या याच तुरुंगात दम्याने जर्जर झाल्या आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, निवर्तल्या. अटकेतील माणसांची नावे छापण्यासही तेव्हा मनाई होती, म्हणजे राजापूरच्या मतदाराला आपला खासदार कोठे आहे हे वृत्तपत्रातून कळण्याची सोय उरली नव्हती. कानोकानी जे येईल त्यावर विसंबावे, एवढेच त्याच्या हाती होते.

१९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी, केंद्रीय मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करावयास लावली, आणि पुढे त्याची किंमत तुरुंगात जाऊन मोजली. अध्यक्षीय भाषणात राजकारण नको, असे सांगणाऱ्या आपल्यातील सावध मंडळींनी कऱ्हाड आठवावे.

सुरक्षिततेच्या नावाखाली बातमी रोखणे कधीच योग्य नाही, असे मात्र मी म्हणत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या वेळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरखंडाने उतरणारे कमांडो साऱ्या जगाने घरबसल्या पाहिले, आणि हल्लेखोरांना दूरध्वनीवरून आज्ञा देणाऱ्या त्यांच्या सूत्रधारांपुढेही दूरचित्रवाणीचा तोच पडदा होता. येथून उत्तरेस थोडे गेले की यलहंका लागते. ताजमहाल हॉटेलात धारातीर्थी पडलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचे नाव तेथील रस्त्याला दिलेले आहे. त्यांच्या मृत्यूचा ठपका मी कोणा वाहिनीवर ठेवत नाही, पण त्या प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांचे काम अधिक कठीण आणि अधिक धोक्याचे झाले, हे सर्वोच्च न्यायालयाने हल्लेखोर कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २०१२ मध्ये स्पष्ट शब्दांत नमूद केले आहे. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करू नये, नेमलेल्या अधिकाऱ्याच्या वेळोवेळीच्या निवेदनापुरतेच वृत्तांकन मर्यादित ठेवावे, हा पुढे झालेला नियम मला मान्य आहे. माझी मागणी इतकीच, की त्या अधिकाऱ्याने आपले नाव आणि निवेदनाची वेळ सांगून बोलावे.

कारण मौन आणि अफवा एकाच घरात वाढतात, हे मी लहानपणी पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा आम्ही पुण्यात नदीकाठच्या पेठेत राहत होतो. धरण धोक्यात आहे हे अधिकाऱ्यांना आदल्या दिवशीच कळले होते, लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत होते, आणि तरीही शहराला वेळेवर इशारा मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर वडील, जे एका लहानशा छापखान्यात मुद्रितशोधक होते, मला सोबत घेऊन तेथे गेले. खिळ्यांच्या केसी उलट्या पडल्या होत्या, घरांघरांत गाळ साचून शिशाचे खिळे एकमेकांना चिकटले होते, आणि वृद्ध जुळारी बादलीत हात घालून, नुसत्या बोटांच्या स्पर्शाने काना, मात्रा आणि वेलांटी निवडून बाजूला ठेवीत होता. तेवढ्यात रस्त्यावर ‘पाणी आले!’ असा एकच कल्लोळ उठला. माणसे पर्वतीच्या दिशेने धावत सुटली, पोरे आईच्या हातून सुटली, आणि बंदोबस्ताचा शिपाईसुद्धा गर्दीबरोबर पळाला. पाणी आले नव्हते. प्रथम कोण ओरडले ते कोणालाच सांगता येईना. पहिल्या दिवशी ज्यांनी सांगावयास हवे होते ते बोलले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी जो कोणी ओरडला त्यावर लोकांनी विश्वास ठेवला. वडील मात्र धावले नाहीत. दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘तुम्ही पाहिलेत का?’ असे विचारीत राहिले.

हेच ऑगस्ट २०१२ मध्ये या शहराने पाहिले. ईशान्येकडील तरुणांवर हल्ले होणार, असे निनावी लघुसंदेश फिरले आणि हजारोंच्या संख्येने ती मुले बंगळूरच्या स्थानकावर गुवाहाटीच्या गाड्यांसाठी लोटली. सरकारने एका वेळी पाचांहून अधिक संदेश धाडण्यास काही दिवस बंदी घातली. संदेश मोजले गेले. ते लिहिणाऱ्याचे नाव कोणी विचारावे, ही सवय समाजाला लागली नाही.

आणि मे २०२५ मधला भारत-पाकिस्तान संघर्ष? ८ मेच्या रात्री मोठमोठ्या वाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याची वार्ता ठणकावून सांगितली, जी धादांत खोटी होती. पुंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात मारल्या गेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरविले, आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. शोकाकुल घरात त्याची मुले-माणसे आपल्याच मृत बापाची बदनामी ऐकत असताना निवेदकांनी ही माहिती कोणाकडून, कितीच्या सुमारास मिळाली, हे एका शब्दाने सांगितले नाही. पूर्वी वृत्तपत्रातील प्रत्येक बातमीच्या माथ्यावर गाव, तारीख आणि ‘आमच्या बातमीदाराकडून’ ही अक्षरे असत. ती ओळ गेली आणि तिच्याबरोबर वृत्तव्यवसायाची अब्रू गेली, असे माझे ठाम मत आहे, मग मला कोणी एकसुरी म्हणोत. याच हेब्बाळात सापडलेल्या, सुमारे इ. स. ७५० च्या शिलालेखात, लढाईत पडलेल्या किट्टय्याचे नाव आहे आणि श्रीपुरुष या गंग राजाची कारकीर्द नमूद आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडाला जे साधले ते आजच्या वाहिनीला साधू नये, याचा मला संताप येतो.

मराठी पत्रकारितेची परंपरा या बाबतीत उज्ज्वल आहे. प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले. ते परकीय सरकारने आपल्या सोयीसाठी घातले, पण आमच्या संपादकांनी त्याचे भूषण केले. १८८२ मध्ये, ज्यांच्या आधारे टीका केली ती कोल्हापूरच्या दिवाणांच्या नावची पत्रे खोटी निघाली तेव्हा टिळक-आगरकरांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि तरीही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९७ मध्ये प्लेगच्या धामधुमीत ‘केसरी’त टोपणनावाने छापल्या गेलेल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांनी लेखकाला पुढे न करता प्रकाशक म्हणून दीड वर्षाची सक्तमजुरी स्वतः पत्करली. स्वातंत्र्य आणि जबाबदारी ही दोन निरनिराळी खाती आहेत, एकात जमा झाले की दुसऱ्यात खर्ची पडते, असे मानणाऱ्यांनी हे दोन खटले वाचावेत.

मग सरकारला निराळा न्याय का? मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचे लेख अडविणारे हुकूम रद्द ठरविले, आणि त्या खटल्याच्या मथळ्यावरच वृत्तनियंत्रक (सेन्सॉर) बिनोद राव यांचे नाव आहे. हुकूम करणारा समोर होता म्हणून त्याला न्यायासनापुढे उभे करता आले. आज संकेतस्थळे आणि खाती बंद करण्याचे फर्मान माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ या कलमाखाली निघते आणि २००९ च्या नियमांनी ते गोपनीय ठेवले जाते. याच शहरातील उच्च न्यायालयात ट्विटर कंपनी अशा हुकमांविरुद्ध गेली. ३० जून २०२३ रोजी ती हरली आणि तिला ५० लाख रुपये खर्च भरावयास सांगण्यात आले. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून मी म्हणेन, की कंपनीची बाजू कोणतीही असो, ज्या नागरिकाचे तोंड बंद झाले त्याला कोणी, का आणि कोणत्या तारखेस, हे कळलेच पाहिजे. इंटरनेट बंद ठेवण्याचे हुकूम प्रसिद्ध करावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या याचिकेत सांगितलेच आहे. तोच दंडक येथेही लागू झाला पाहिजे.

आता ठरावाकडे येतो. आपल्या संस्थेच्या प्रत्येक प्रकाशनावर संपादकाचे नाव छापावे. लेख नाकारल्यास कारण लेखी व सहीनिशी कळवावे. आणि संस्थेच्या सामायिक संदेशगटात संकटकाळी कोणतीही वार्ता धाडताना ती कोणाकडून व केव्हा मिळाली हे लिहावे, अन्यथा ती काढून टाकावी. खुल्या अधिवेशनात हा ठराव येऊ नये म्हणून काल रात्रीपर्यंत खटपट झाली, पण तो आला आहे. मतदान गुप्त नसेल. जे अनुकूल आहेत त्यांनी हात वर करावा, जे प्रतिकूल आहेत त्यांनीही करावा, आणि प्रत्येकाचे नाव इतिवृत्तात नोंदवावे, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.