७२२ क्रमांकाची मोटार

१९५५ सालच्या मे महिन्याची पहिली तारीख. इटलीतल्या ब्रेशिया शहरातून सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी एक चंदेरी, बिनटपाची मोटार सुटली. सुटण्याची वेळ हाच तिचा क्रमांक, म्हणून तिच्या अंगावर तांबड्या रंगात ७२२ हा आकडा होता. मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या ३०० एसएलआर या जातीची ही गाडी. या जातीचे अवघे नऊ सांगाडे बनले आणि शर्यतीतली तिची सारी कारकीर्द त्या एका वर्षात आटोपली.

शर्यतीचे नाव मिल्ले मिलिया, म्हणजे हजार मैल. ब्रेशियाहून निघायचे, समुद्राच्या कडेने पेस्कारा गाठायचे, डोंगर ओलांडून रोम, मग फ्लॉरेन्स आणि बोलोन्या करीत परत ब्रेशिया. सुमारे १,६०० किलोमीटर! खास आखलेले मैदान वगैरे काही नाही. चार गावांना जोडणारा असतो तसला साधा रस्ता. मध्ये पूल, बाजारपेठा, अवघड वळणे, आणि दोन्ही अंगांना खेटून उभी असलेली माणसे.

चालक होता स्टर्लिंग मॉस, २५ वर्षांचा इंग्रज. शेजारी डेनिस जेन्किन्सन, दाढीवाला, ठेंगणा, धंद्याने पत्रकार. इटालियन चालकांना हे रस्ते अंगणासारखे. परक्याने एवढा रस्ता पाठ करायचा कसा? या दोघांनी आधी कित्येक दिवस तो रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला. प्रत्येक धोक्याची नोंद केली, धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या, आणि सगळे टिपण सुमारे १८ फूट लांब कागदावर उतरवून त्याची गुंडाळी एका डबीत बसवली. डबीला पारदर्शक खिडकी. रस्ता सरेल तशी गुंडाळी फिरवायची. बोलण्यासाठी यंत्र लावून पाहिले, पण गाडी हाकताना मॉसचे चित्त इतके गुंतलेले असे की शब्द त्याच्या डोक्यात शिरतच ना. मग हाताच्या खुणा ठरल्या. मला या टिपणाचे मोठे नवल वाटते ते निराळ्याच कारणाने. कोठे भ्यायचे एवढेच त्यात नव्हते, कोठे भ्यायचे नाही हेही होते. पुढचे दिसत नाही असा चढ यावा, आणि जेन्किन्सनने खूण करावी की पलीकडे रस्ता सरळ आहे, वेग सोडू नकोस. दुसऱ्याच्या हाताच्या खुणेवर जीव सोपवायचा, ही काय साधी गोष्ट आहे? वाटेत जेन्किन्सनला उलटी झाली, वाऱ्याने चष्मा उडाला. जवळ दुसरा होता म्हणून निभावले.

रोममध्ये जो पुढे असतो तो कधी जिंकत नाही, अशी तिथे समजूत होती. मॉस रोममध्ये पुढे होता, आणि ब्रेशियालाही. वेळ १० तास ७ मिनिटे ४८ सेकंद. सरासरी ताशी १५७ किलोमीटरहून अधिक. त्याच जातीची गाडी एकट्याने हाकणारा नामांकित फँजिओ दुसरा आला, अर्ध्या तासाहून अधिक मागे.

आता यंत्राकडे वळू. आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवा. त्यात पंप तेल थेट सिलिंडरात फवारतो. या गाडीत पेट्रोल तसेच फवारले जाई, कार्बुरेटर नव्हताच. मात्र आपल्या इंजिनाच्या झडपा स्प्रिंगच्या जोराने मिटतात, आणि फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते. म्हणून इथे झडप उघडायलाही कॅम आणि मिटायलाही कॅम. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे ३०० अश्वशक्ती. अंगाचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, अतिशय हलका.

हाच पत्रा पुढे घातक ठरला. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल माँ येथे चोवीस तासांची शर्यत चालू असताना पुढची एक गाडी थांब्याकडे वळली, दुसरी तिला चुकवायला बाजूला झाली, आणि मागून आलेली पिएर लेव्हेगची ३०० एसएलआर तिच्यावर चढून उडाली. प्रेक्षक आणि रस्ता यांच्यात एक मातीचा बांध, बस! इंजिनाचे तुकडे गर्दीत घुसले. मॅग्नेशियम पेटले, आणि पाण्याने ते अधिकच भडकले. लेव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक गेले. चौकशीत कोणा एका चालकावर ठपका आला नाही. रस्ता १९२३ सालच्या गाड्यांच्या बेताचा होता आणि गाड्या १९५५ च्या, हेच खरे. मध्यरात्रीनंतर कंपनीने उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. त्यांतली एक त्या वेळी सर्वांच्या पुढे होती.

त्या वर्षीचे जागतिक अजिंक्यपद तरीही याच गाडीने मिळवले, आणि वर्षअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. स्वित्झर्लंडने तर वर्तुळमार्गावरच्या शर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशके टिकली. मिल्ले मिलियाही १९५७ साली अशाच एका अपघातात मुले दगावल्यावर बंद झाली. तेव्हा कुणी या गाडीची थोरवी सांगू लागला, तर त्याला ल माँचेही विचारावे.

नऊ सांगाड्यांपैकी दोघांवर बंद टपाच्या गाड्या बांधल्या होत्या. त्यांतली एक २०२२ साली १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. तोवर कोणत्याही मोटारीला एवढी किंमत आली नव्हती. त्या पैशातून विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारला आहे. ७२२ मात्र विकायला निघाली नाही. ती कंपनीनेच जपून ठेवली आहे.