बेटावरचे पाहुणे



वसंतातल्या या व्यासपीठावर अर्थकारण, तत्त्वज्ञान, संतवाङ्‌मय असे भारदस्त विषय शोभतात. आम्ही निवडला आहे तो विषय सुट्टीत समुद्रकाठी पडल्यापडल्या वाचायच्या भयकादंबरीचा. तो ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “अहो, यात व्याख्यान देण्यासारखे आहे तरी काय?” त्यांना उत्तर द्यावे, एवढाच आजचा हेतू आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेस डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यालगत बर्ग नावाचे एक चिमुकले बेट आहे. ओहोटीच्या वेळी वाळूतून तेथे चालत जाता येते. भरती आली की वाट बुडते आणि बेट एकटे पडते. १९२९ साली तेथे एक पांढरेशुभ्र, त्या काळी अगदी नव्या धाटणीचे हॉटेल उभे राहिले. याच डेव्हनमध्ये १८९० साली जन्मलेल्या अॅगाथा ख्रिस्तीबाईंना या बेटाने दोन कादंबऱ्या सुचवल्या. १९४१ सालच्या ‘ईव्हिल अंडर द सन’मध्ये बेटावर हॉटेलच आहे, उन्हात पहुडलेले पाहुणे आहेत आणि एक खून आहे. आम्हाला बोलायचे आहे ते तिच्या आधीच्या, १९३९ सालच्या ‘अँड देन देअर वेअर नन’विषयी.

ऑगस्टचा महिना. दहा माणसे एका बेटावर जमतात. कुणी पाहुणे म्हणून, कुणी नोकरीवर. एका वृद्ध कुमारिकेला, मिस ब्रेंटना, पत्र येते की बेटावर नवे अतिथिगृह काढले आहे, फुकट राहायला या. यजमान मात्र कुणालाच भेटत नाही. पहिल्या रात्री ग्रामोफोनच्या तबकडीतून एक आवाज येतो आणि प्रत्येकावर नाव घेऊन कुणाच्या ना कुणाच्या मृत्यूचा आरोप ठेवतो. कायद्याचा हात जेथे पोचला नव्हता, असे हे मृत्यू! पुढे वादळ होते, होडी येईनाशी होते, आणि माणसे एकेक करून मरू लागतात.

आता गंमत पाहा. हे घर जुनाट नाही. करकरणारे जिने नाहीत, अंधारे कोपरे नाहीत. सगळीकडे विजेचा लख्ख प्रकाश आहे. भुताने लपावे तरी कोठे? तथापि घर पछाडलेलेच आहे. व्हेरा नावाची शिक्षिका अंधारात आपल्या खोलीत शिरते, तोच काहीतरी ओले, गार तिच्या गळ्याला लागते. तिला वाटते, बुडालेल्याचा हात! ती किंकाळी फोडते. वस्तुतः ते छताच्या आकड्याला टांगलेले समुद्रशेवाळ असते. पण तिच्या हवाली केलेला एक मुलगा समुद्रात बुडाला होता. त्याला दूरवर पोहायला तिनेच जाऊ दिले होते, जाणूनबुजून. शेवाळ कुणीतरी टांगले होते. मुलाला मात्र तीच बरोबर घेऊन आली होती.

आमचे लहानपण कोकणात गेले. मेच्या सुट्टीत रात्री अंगणात गोष्टी चालत त्या मुंजाच्या, देवचाराच्या, पाण्याकाठच्या गिऱ्ह्याच्या. आमच्या भुतांचा एक मोठा गुण होता. ती आपापली जागा सोडत नसत. पिंपळ टाळला की मुंजा टळला. ख्रिस्तीबाईंचे भूत असे पिंपळावर राहत नाही. ते ट्रंकेतून येते.

मिस ब्रेंटची गोष्ट तर आमच्या फार जवळची आहे. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या आपल्या मोलकरणीला तिने घराबाहेर काढले. त्या पोरीने नदीत जीव दिला. बाई म्हणतात, दोष तिचा, माझे मन स्वच्छ आहे. आणि बेटावर एका दुपारी रोजनिशी लिहिता लिहिता त्यांची पेन्सिल भलतेच लिहून जाते: खुनी कोण, तर तीच मेलेली मुलगी!

आमच्या गावी एक विहीर होती. तिन्हीसांजेला तिकडे कुणी फिरकत नसे. एका सुनेने तीत उडी घेतली होती, म्हणून विहीर ‘बाधिक’ ठरली. नारळ दिले गेले, दिवे लावले गेले. पण आदल्या संध्याकाळी त्या घरात तिला कोण काय बोलले, हे मात्र कुणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्हीही विचारले नाही. विहिरीला भिणे सोपे होते. ज्यांच्या ओटीवर बसून आम्ही पन्हे प्यायचो, त्यांच्याकडे बोट दाखवणे अवघड होते.

राजा नवाथे यांनी १९६५ साली ‘गुमनाम’ या हिंदी चित्रपटात याच कथेच्या धर्तीवर काही माणसे एका निर्जन बंगल्यात आणून सोडली. तेथेही रात्री बाईच्या गाण्याचे सूर येतात, प्रेक्षक भूत शोधू लागतात, आणि मारणारा हात निघतो माणसाचाच.

तेव्हा स्नेह्यांना आमचे उत्तर इतकेच. सुट्टीचे पुस्तक हलके असते, म्हणूनच आपण ते बेसावध होऊन वाचतो. आणि बेसावध माणसाच्याच गळ्याला ते ओले शेवाळ लागते. खुनी कोण, हे आम्ही सांगणार नाही. वाचणाऱ्याचा आनंद हिरावून घेणे हाही गुन्हाच आहे. यंदाच्या सुट्टीत पुस्तक जरूर वाचा. मात्र मिटल्यावर भूत कोठे होते असे विचारू नका. आपल्या ट्रंकेत काय आहे, तेवढे एकदा उघडून पाहा.